ट्रकमधला माणूस

टर्की ओव्हनमधून बाहेर यायला अजून वेळ होता आणि आइल्साने तेवढ्यात आईशी, एफीशी, दोनदा भांडून घेतलं होतं. गिलिसांच्या घरात थँक्सगिव्हिंगचं जेवण असंच पार पडायचं. आधी वाद, मग प्रार्थना, मग पुन्हा तोच वाद, फक्त तोंडात घास घेऊन. एफीचा नवरा लॉर्न गेल्यानंतरचं हे दुसरं वर्ष. मधेच "अगं, बटाटे निवताहेत" म्हणून दोघींना गप्प करायचं त्याचं काम अजून कुणी उचललं नव्हतं.

टेबलावर क्रॅनबेरीच्या वाटीजवळ एक किल्ली पडली होती. नऊ नंबरच्या लहान घराची. सकाळी शेजारची होदान ती ठेवून गेली होती. यंदा सोसायटीच्या सभासद समितीचं काम तिच्याकडे होतं.

"मी या निर्णयात नाही हं, एफी," ती दारातूनच म्हणाली होती. "मला मतही द्यायचं नाही. पण बाकी सगळे सुट्टीला गेलेत, मग आणणार कोण? उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते अध्यक्षांना सांगा."

आणि सामोशांची ताटली आइल्साच्या हातात कोंबून ती जवळजवळ पळालीच. पळणार नाही तर काय! एफीने नऊ नंबर घेतला की एफीचं हे तीन खोल्यांचं घर होदानला मिळणार होतं. तिची चार मुलं एका खोलीत झोपत होती आणि मोठ्या घरासाठी तिचाच नंबर पहिला होता.

लिंडन कोर्ट ही सोसायटी एफी गिलिसने उभी केली, हे हॅमिल्टनमध्ये कुणालाही विचारा. तिथूनच ती नगरपालिकेत गेली, मग तीन वेळा प्रांताच्या विधानसभेत, एकदा सपशेल पडली, आणि आता सदुसष्टाव्या वर्षी महापौरपदाला उभी होती. सोसायटीचा नियमही तिनेच लिहिला, एकोणतिसाव्या वर्षी, याच टेबलावर. घरातली माणसं कमी झाली की वर्षभराने लहान घरात जायचं. मोठं घर मोठ्या कुटुंबाला. या नियमाने तिने आयरीन बोईकोला तिच्या मुलांच्या उंचीच्या खुणा असलेल्या दारासकट घर सोडायला लावलं होतं. आयरीन मरेपर्यंत एफीशी बोलली नाही. आता एफी तीन खोल्यांत एकटी होती आणि मतदान दोन आठवड्यांवर आलं होतं.

"आई, माझं ऐक," आइल्सा म्हणाली. प्रचाराची सगळी सूत्रं तिच्या हातात होती आणि ती सूत्रं गेले महिनाभर तिच्या मानेत रुतत होती. "उद्या अध्यक्षांना सांग, मतदान झाल्यावर उत्तर देते. कुणाला पत्ता लागणार नाही."

"ब्रॅनिगनला लागेल."

"कसा?"

"अगं, बिल्डरांनी माझ्याविरुद्ध उभा केलेला माणूस तो. तीन खोल्यांत एकटी बसलेली बेघरांची कैवारीण म्हटल्यावर तो काय मूग गिळून बसेल?"

"मग मीच आधी पेपरवाल्यांना बोलावते. तू किल्ली घेताना फोटो. स्वतःचा नियम स्वतः पाळणारी महापौर! बघ तरी, कसं दिसेल!"

"आणि होदानच्या मुलांना बाजूला ओळीने उभं करशील? केस विंचरून?"

आइल्साने अगदी तसंच ठरवलं होतं.

"तुम्हा दोघींना अक्कल दिली देवाने, पण वापरायची कशी ते सांगायचं राहिलं," मार्गी मावशी सलगम कुस्करता कुस्करता म्हणाली. एफीची ही थोरली बहीण केप ब्रेटनहून बसने आली होती, कारण विमानात चहा पाणचट मिळतो. "डुगी बायकोपासून वेगळा झालाय ना? मित्राच्या तळघरात राहतोय ना? मग आण त्याला इथे. त्याच्या दोन पोरी शनिवार-रविवार येतील. झालं घर भरलेलं. नियम पण खूश, आई पण खूश."

"तसं चालत नाही, मार्गी," एफी म्हणाली. "ऐनवेळी आणलेलं माणूस मोजायचं नाही. किमान वर्षभर राहिलेलं हवं."

"हे कुठल्या शहाण्याने लिहिलं?"

एफीने ओव्हनचं दार उघडलं आणि आत डोकं घातलं.

"तूच ना! तरीच!"

आइल्साचा भाऊ डुगी हे सगळं दारात बूट काढता काढता ऐकत होता. अडतीस वर्षांचा, कारखान्यात क्रेन चालवणारा, अंगाने एवढा की दार भरून जावं. पण आज तो दाराच्या चौकटीत जरा कमीच वाटत होता.

"आलास? वेळेवर?" मावशी म्हणाली. "कुणीतरी मेलं की काय?"

"टर्कीसाठी आलो, मावशी. तुझ्यासाठी नाही." त्याने तिच्या गालाचा मुका घेतला आणि सरळ वर गेला. "जरा अंघोळ करून घेतो. रेच्या गीझरला काहीतरी झालंय."

रे म्हणजे तो तळघरवाला मित्र. त्याच्या गीझरला काहीही झालं नव्हतं. रेचा भाऊ ऑगस्टमध्ये अल्बर्टाहून परत आला आणि तळघरातली खाट त्याला द्यावी लागली. "चार दिवसांचा प्रश्न आहे रे," असं दोघेही एकमेकांना म्हणाले. पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं एकदम टेकवल्याशिवाय कुणी घराचं दार उघडत नव्हतं, आणि त्याचा पगार बायको-पोरींच्या घरखर्चातच पातळ होत होता. पोरींना खोली हवी, शाळेच्या जवळ हवी. तेव्हापासून डुगी ट्रकमध्ये झोपत होता. आइस रिंकच्या मागे, जिथे रखवालदार फार विचारत नाही. कारखान्यात शॉवर होता. सुट्टीच्या दिवशी मात्र पंचाईत.

आईला सांगता आलं असतं. पण कसं? आई गेली जवळजवळ चाळीस वर्षं जगाला घर मागत होती. तिच्या घरातला माणूस रस्त्यावर आहे हे कळलं तर ब्रॅनिगन तिला सोलून काढेल. निवडणूक होऊ दे, मग बघू, असं त्याने ठरवलं होतं. आणि खरं सांगायचं तर निवडणुकीचं निमित्त नसतं तर त्याने दुसरं काहीतरी शोधलं असतं. लाज वाटत होती त्याला. अडतीस वर्षांचा घोडा, आईच्या दारात पिशवी घेऊन उभा राहणार!

तो खाली आला तेव्हा टर्की टेबलावर होती आणि प्रार्थना उरकली होती. आइल्सा एका हाताने वाढत होती, दुसऱ्या हातात फोन.

"उद्याच्या वादविवादाची सुरुवात तेवढी पक्की करू या, आई. ट्रकमधला माणूस आधी की शेवटी?"

डुगीचा काटा बशीवर वाजला.

"कोण ट्रकमधला माणूस?" मावशीने विचारलं.

"अगं मावशी, अख्खं शहर बोलतंय त्याच्याबद्दल! सप्टेंबरात बेघरांची मोजणी झाली ना, तेव्हा एका कार्यकर्त्याला दिसला. म्हण ना आई, एकदा म्हणून दाखव मावशीला."

एफीला म्हणायचं नव्हतं. पण ती भाषणं करणारी बाई होती, आणि भाषण करणाऱ्याला एकदा सुरुवात करून दिली की थांबता येत नाही.

"या शहरात एक माणूस आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप सभेतला झाला. "कारखान्यात कायमची नोकरी. रोज डबा घेऊन पाळीला जातो. आणि झोपतो आइस रिंकच्या मागे, आपल्या ट्रकमध्ये. मला त्याचं नाव माहीत नाही. पण तो कुणाचा तरी मुलगा आहे."

"इथे टाळ्या पडतात," आइल्सा म्हणाली.

पडतात, हे डुगीला माहीत होतं. युनियनच्या हॉलमध्ये तो मागे उभा होता, बगलेत प्रचाराच्या पाट्या धरून. आईने पहिलं वाक्य म्हटलं तेव्हा त्याला वाटलं, आपण इथेच कोसळणार. आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवायला लागले. मग त्यानेही वाजवल्या, कारण न वाजवणारा तेवढाच दिसला असता.

"शेवटी घे," तो आता म्हणाला. "म्हणजे... मला काय कळतंय. मीठ दे."

मार्गी मावशीने मीठ दिलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. पाच भाऊ खाणीत पाठवलेली बाई ती. घरातला पुरुष काही लपवत असला की आधी मान लाल होते, हे तिला ठाऊक होतं. डुगीची मान कॉलरपासून कानापर्यंत लाल झाली होती.

"आणि हो, तुझ्याशी बोलायचंच आहे मला," आइल्सा भावाकडे वळली. "माउंटनवरच्या वस्तीतून रोज फोन येतात मला. आमची पाटी कुठेय, आमची पाटी कुठेय. लोकांनी अंगणात लावायला मागून घेतल्यात रे! सगळा गठ्ठा तुझ्याकडे दिला होता. कुठे गेल्या?"

"आहेत. ट्रकमध्ये आहेत."

"दोन आठवडे?"

"पाळ्या बदलल्या माझ्या. उद्या लावतो."

"उद्या! ब्रॅनिगनचं थोबाड कोपऱ्याकोपऱ्यावर आहे आणि आमच्या पाट्या तुझ्या ट्रकमध्ये झोपल्यात! विकल्यास का कुणाला? खरं सांग."

"आइल्सा, पुरे," एफी उठली. "चर्चमधल्या दोघीजणींना मी आजच देते म्हटलंय. दोन घेऊन येते."

"मी आणतो!" डुगी इतक्या झटक्यात उठला की खुर्ची आडवी झाली. "आई, बस तू. मी आणतो ना!"

"तू जेव. किती वाळलायस." दाराजवळच्या खुंटीवर त्याचं जाकीट होतं आणि खिशात ट्रकच्या किल्ल्या. एफी जाकीट खांद्यावर टाकून बाहेर पडलीसुद्धा.

डुगीने खुर्ची उचलली आणि तिच्यावर बसला. आता धावत जाण्यात अर्थ नव्हता.

बाहेर ऊन होतं, पण त्यात जोर नव्हता. ट्रक मेपलच्या खाली उभा होता. करडा, मागच्या भागावर टप बसवलेला, टपाला काळ्या काचा. एफी मागच्या बाजूला गेली आणि तिचा हात किल्लीवरच थांबला.

काचेवर आतून वाळलेले ओघळ होते. वरून खाली, आणि मधे कुणीतरी तळहाताने पुसल्याची अर्धगोल खूण.

मोजणीला येणाऱ्या पोरापोरींना ती दरवर्षी हेच शिकवायची. काचेवर टकटक करू नका. टॉर्च मारू नका. आतून वाफ धरली असेल तर समजा, आत कुणीतरी श्वास घेतंय. गाडीचा नंबर लिहून घेऊ नका, माणसाची अब्रू असते. हा नंबर न लिहिण्याचा नियमही तिचाच. करडा ट्रक, डबा, कारखान्याचं जाकीट, एवढंच त्या कार्यकर्त्याने सांगितलं होतं आणि एफीला तेवढंच पुरलं होतं. करडे ट्रक काय शहरात कमी आहेत?

तिने दार उघडलं.

पाट्या होत्या. सगळ्या होत्या. काही खाली अंथरल्या होत्या, कारण त्या पोकळ प्लास्टिकमधून गारठा वर येत नाही. त्यांच्यावर गादीची वळकटी आणि लॉर्नची जुनी स्लीपिंग बॅग. काही कापून, वाकवून बाजूच्या काचांत बसवल्या होत्या. आणि प्रत्येक पाटीवर ती स्वतः होती, हसरी, दोन वर्षांपूर्वीच्या केसांची, खाली मोठ्या अक्षरांत: "प्रत्येकाच्या हाती किल्ली". एका काचेत तिच्या छापील हनुवटीवर मुलींनी काढलेलं चित्र चिकटवलं होतं. घर, धुराडं, चार माणसं.

दाढीच्या साबणाचा वास आला. लॉर्नही तोच वापरायचा.

तिला आधी राग आला, डुगीचा. मग लाज वाटली, एवढी की तिने मागे वळून शेजारच्या खिडक्या पाहिल्या. आणि त्या लाजेची लाज वाटली. आपण किती वेळा म्हटलं ते वाक्य? हॉलमध्ये, रेडिओवर, दारोदार. पहिल्या दिवशी ते खरंच आतून आलं होतं. मग मात्र कुठे थांबलं की टाळी पडते हे कळलं होतं आणि ती तिथे थांबत आली होती.

तिने स्लीपिंग बॅगची घडी नीट केली. का केली, तिलाच माहीत. मग एका काचेतली वाकवलेली पाटी काढून घेतली आणि दार लावलं.

ती आत आली तेव्हा कुणी जेवत नव्हतं. डुगी बशीकडे बघत होता. एफीने पाटी भिंतीला टेकवून ठेवली.

"ही कसली वाकलेली?" आइल्सा म्हणाली. "आई, असली नको देऊस कुणाला. बरं, सांग ना, ट्रकमधला माणूस आधी की शेवटी?"

"काढून टाक."

"काय?"

"भाषणातून काढ. यापुढे कुठेही म्हणायचं नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? त्या एका गोष्टीवर आपण चार टक्के वर आलोय! लोक त्याच्यासाठी जेवण पाठवतात ऑफिसात! उद्या तुला कुणी विचारलं, त्याचं काय झालं म्हणून, तर काय सांगशील?"

"सांगेन, मला म्हणायचा अधिकार नव्हता."

"म्हणजे खोटं होतं ते? आई! त्या कार्यकर्त्याने बनवलं होतं का? कळलं तर संपलो आपण!"

"खोटं नाही," एफी म्हणाली. ती डुगीकडे बघतही नव्हती. ते सांगणं तिचं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने बोललेली बाई तोंड मिटून उभी होती, आणि मार्गी मावशी जिथल्या तिथे सगळं समजली.

"आइल्सा, फोन ठेव खाली," मावशी म्हणाली. "भावाकडे बघ."

"काय बघू? पाट्या तर..."

"मी आहे तो," डुगी म्हणाला. "ऑगस्टपासून."

आइल्सा हसली. मग हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे भरून आले. महिनाभर तिने या माणसाची गोष्ट कापून, जोडून, कुठे श्वास घ्यायचा ते ठरवून दिलं होतं.

"मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"तुझ्याकडे फोन कायम चालू असतो."

मग आइल्साच एकदम उसळली. "आई, घर सोडायचं नाही! ऐकतेयस? गेला तो नियम खड्ड्यात. डुगी आजपासून इथे राहील. मी बघते ब्रॅनिगनला. पडलो तर पडलो!"

"आता कशी बोललीस माझ्या भाचीसारखी!" मावशीने टेबलावर थाप मारली. "एफी, स्वतःच्या रक्ताआधी नियम? आयरीनचं घर काढलंस तेव्हा मी बोलले नाही. आज बोलणार."

एफीने लॉर्नच्या खुर्चीची पाठ धरली. तिला हो म्हणायचं होतं. इतकं की ते जिभेवर आलं होतं. वर डुगीची खोली होती, त्याच्या हॉकीच्या ढालींसकट. एक शब्द बोलला की तो आज रात्री तिथे झोपेल.

"आई," डुगी म्हणाला, "होदानची थोरली कुठे अभ्यास करते माहितीये तुला? लॉन्ड्रीच्या खोलीत. मशीनवर पुस्तक ठेवून. मी बघितलंय तिला, कपडे धुवायला आलो की. मी तिची खोली घेणार नाही."

"ती खोली तुझी आहे रे!" आइल्सा ओरडली.

"होती."

एफी खुर्चीवर बसली आणि रडली. लॉर्नच्या अंत्यविधीतही तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मार्गीने उठून तिचं डोकं पोटाशी धरलं आणि सलगमचा हात तिच्या केसांना पुसला गेला तरी सोडलं नाही. बऱ्याच वेळाने एफीने नाक पुसलं आणि क्रॅनबेरीच्या वाटीजवळची किल्ली उचलली.

"नऊ नंबरला झोपायची खोली एकच आहे," ती म्हणाली. "ती तुझी. तुला रात्रपाळी असते, दिवसा अंधार लागतो. मी सोफ्यावर. पाहुणा तीन महिने ठेवता येतो."

"हेही तूच लिहिलंयस ना?" मावशी म्हणाली.

"मी सहा म्हणत होते. सभेने तीन केले." ती डुगीकडे वळली. "तीन महिन्यांत आपण दोघं मिळून घर शोधू. मला येतं ते. लोकांसाठी केलंय. आणि नाही सापडलं तर तुझ्याबरोबर मीही ट्रकमध्ये येईन, पण माझे फोटो आधी काढून टाक. मला त्या बाईसमोर झोप लागायची नाही."

डुगी हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

आइल्साने होदानला निरोप पाठवला. पेपरवाल्यांना नाही. नऊ नंबरची बातमी देण्यावरून मतदानापर्यंत या मायलेकी आणखी चारदा भांडणार होत्या, पण आज आइल्सा मुकाट्याने भोपळ्याचा पाई कापायला बसली.

होदान आली ती चारही मुलांना घेऊन. "खरंच ना, एफी? माझ्यासाठी म्हणून नाही ना?" असं तिने दारातच तीनदा विचारलं. मुलांनी बूट काढले आणि ती जिन्याकडे धावणार, तोच पुढे असलेली थोरली थबकली आणि तिने बाकीच्यांना हात पसरून अडवलं.

पुढच्या खोलीत लॉर्नच्या खुर्चीत डुगी झोपला होता. तोंड उघडं, पाय लांब पसरलेले, मांडीवर पाईची रिकामी बशी. दिवसाढवळ्या, दिवे चालू, चार बायका बोलत असताना, जसं फक्त घरातच झोपता येतं.

मुलं चवड्यांवर त्याच्या पायांना वळसा घालून गेली. धाकटी मात्र तिथेच थांबली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि एफीचा स्वेटर ओढला.

"हा कोण आहे?" ती कुजबुजली.

स्वयंपाकघरात आइल्साचा फोन वाजायला लागला. तिने तो बंद केला.

एफी त्या पोरीजवळ वाकली.

"डुगाल," ती हळूच म्हणाली. "डुगाल लॉर्न गिलिस. माझा मुलगा आहे तो."